तीन-कोअर केबलवर लावलेला सीटी शून्य का दाखवतो? वायर न कापता मोटरचा करंट मोजण्याविषयी

मोसंबीबाग_अंबड यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमची विहीर घरापासून दीड किलोमीटरवर, ओढ्याच्या पलीकडे आहे आणि तिच्यात पाच अश्वशक्तीची थ्री-फेज सबमर्सिबल मोटर सोडलेली आहे. शेतीची वीज काही दिवस रात्री येते. स्टार्टरला ऑटो स्विच असल्यामुळे वीज आली की मोटर आपोआप सुरू होते. पण ती खरोखर सुरू झाली का, आणि सुरू असेल तर पाणी फेकते आहे का, हे पाहण्यासाठी वडिलांना बॅटरी घेऊन रात्री बांधावरून जावे लागते. त्यांचे वय पासष्ट आहे. गेल्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली असताना मोटर रात्रभर कोरडी चालली आणि वाइंडिंग जळाले. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असूनही तो पडला नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकलो आहे, म्हणून मोटरचा करंट मोजून घरी मोबाइलवर कळवणारे यंत्र बनवायला घेतले. पॅनलमधली एकही वायर कापायची किंवा सोलायची नाही, असे मी सुरुवातीलाच ठरवले होते. त्यासाठी १०० अँपिअरला ५० मिलिअँपिअर देणारा, चिमट्यासारखा उघडणारा एससीटी-०१३ जातीचा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) आणला, त्याच्या दोन टोकांवर २२ ओहमचा रोध (रेझिस्टर) लावला आणि तो ईएसपी-३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडला. स्टार्टरमधून विहिरीकडे जाणारी चपटी तीन-कोअर केबल सीटीच्या तोंडात नीट बसली. मात्र मोटर चालू असो वा बंद, आकडा ०.१ ते ०.२ अँपिअरच्या पुढे सरकत नाही. सीटी खराब असावा म्हणून घरी मिक्सरच्या वायरवर लावून पाहिला, तिथेही तेच. दुसरा सीटी मागवला, त्याचेही तसेच. माझे नेमके कुठे चुकते आहे?

आणखी एक शंका आहे. आमच्याकडे येणाऱ्या वायरमनजवळ वायरीला न टेकवता वाजणारा पेनासारखा टेस्टर आहे. तोही स्पर्श न करता वीज ओळखतो, मग त्याच्याच पद्धतीने माझे काम होणार नाही का?

निवृत्त_उपकेंद्र यांचे उत्तर

आपले दोन्ही सीटी उत्तम आहेत आणि ते खरेच सांगत आहेत. आपण त्यांना जे विचारले त्याचे उत्तर शून्य हेच आहे.

सीटीच्या गाभ्यात विद्युतप्रवाह शिरत नाही. त्याला जाणवते ते वायरीभोवतीचे चुंबकीय क्षेत्र. तारेतून प्रवाह गेला की शेजारची होकायंत्राची सुई हलते, हे ओर्स्टेड यांनी कोपनहेगनमध्ये १८२० साली दाखवले, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, हे फॅरेडे यांनी १८३१ मध्ये. आपल्या हातातला चिमटा या दोन शोधांच्या जोडीवरच चालतो. गाभ्याच्या तोंडातून जितक्या तारा जातात तितक्यांच्या प्रवाहांची बेरीज त्याला कळते, आणि ती बेरीज करताना तो प्रवाहाची दिशाही धरतो.

आता तीन-कोअर केबलमध्ये काय होते ते पाहा. थ्री-फेज मोटरला न्यूट्रल जोडलेला नसतो, त्यामुळे एका फेजमधून आत आलेला प्रवाह त्या क्षणी उरलेल्या दोन फेजमधूनच परत जातो. ज्या क्षणी पहिल्या फेजमध्ये अधिक ८ अँपिअर असतील, त्याच क्षणी दुसऱ्या आणि तिसऱ्या फेजमध्ये उणे ४-४ असतील. सेकंदातला कोणताही क्षण घ्या, बेरीज शून्यच येते. मिक्सरच्या वायरीत फेज आणि न्यूट्रल शेजारी शेजारी असतात. एकातून जेवढा प्रवाह जातो तेवढाच दुसऱ्यातून परत येतो, म्हणून तिथेही शून्य. उपकेंद्रावर नवीन मुलगा आला आणि त्याच्या हातात टाँग टेस्टर (करंट मोजणारा चिमट्याचा मीटर) दिला की पहिल्या दिवशी तो हमखास संपूर्ण केबलच पकडायचा. ही चूक केल्याशिवाय हा धडा पक्का होत नाही, असा माझा अनुभव आहे.

उपाय सोपा आहे. स्टार्टरच्या पेटीत तिन्ही फेजच्या वायरी जिथे सुट्या असतात, तिथे एकाच फेजच्या वायरीवर सीटी बसवा. शक्यतो स्टार्टरच्या आधीची, म्हणजे मेन स्विचकडून येणारी वायर निवडा. काही पॅनलमध्ये स्टार-डेल्टा स्टार्टर असतो आणि त्यातून मोटरकडे सहा वायरी जातात; त्यांतली एखादी पकडली तर आकडा लाइनच्या करंटपेक्षा कमी दिसतो आणि माणूस पुन्हा गोंधळतो.

मात्र आपल्या चुकीच्या जोडणीला कमी लेखू नका. तिन्ही वायरी एकत्र पकडल्यावर बेरीज शून्य येत नसेल, तर काही प्रवाह केबलमधून न परतता दुसऱ्याच वाटेने, म्हणजे विहिरीच्या पाण्यातून किंवा पाइपातून जमिनीत जात असतो. घरातला आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) याच तत्त्वावर चालतो. जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रवाहात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो पडतो. मोटरची केबल विहिरीत कुठे सोलली गेली असेल, तर ते समजायला हीच जोडणी लागते. पण आपला १०० अँपिअरचा सीटी त्या कामाचा नाही. ३० मिलिअँपिअरची गळती असेल तर तो फक्त १५ मायक्रोअँपिअर देईल आणि २२ ओहमवर त्याचे ०.३३ मिलिव्होल्ट होतील. आपल्या बोर्डाची सर्वांत लहान पायरीच सुमारे ०.८ मिलिव्होल्टची आहे, त्यामुळे ती गळती त्याला दिसणारच नाही. त्यासाठी गळतीकरिताच बनवलेला सीबीसीटी (कोअर बॅलन्स सीटी) मिळतो. आपल्याला आत्ता जो ०.१-०.२ चा आकडा दिसतो ती गळती आहे असे मात्र समजू नका. मोटर बंद असतानाही तो दिसतो, म्हणजे तो बोर्डाचा स्वतःचा गोंगाट आहे.

दोन गोष्टी सुरक्षेच्या. सीटी बसवताना मेन स्विच खाली ओढा, किटकॅट फ्यूज काढून खिशात ठेवा आणि मगच पेटीत हात घाला. सुट्या वायरींजवळचे स्क्रू उघडेच असतात आणि तिथे ४१५ व्होल्ट असतात. पॅनलचा अनुभव नसेल तर हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, पाच मिनिटांचे काम आहे. दुसरे असे, की सीटीची दोन टोके मोकळी ठेवून चालू वायरीवर तो कधीही बसवू नये. टोके मोकळी असली की मुख्य वायरीचा सगळा जोर गाभा चुंबकित करण्यात जातो आणि टोकांवर धोकादायक दाब (व्होल्टेज) उत्पन्न होतो. आपल्या लहान सीटीत तो दाब रोखणारा भाग आतच बसवलेला असतो, पण पॅनलमधल्या मोठ्या सीटींमध्ये तो नसतो. सवय एकच असलेली बरी.

रिवाइंडिंग_दुकान यांचे उत्तर

वरील उत्तरात काकांनी वायर कोणती पकडायची ते सांगितले आहे. मोटर कोरडी चालली आणि रिले पडला नाही, त्याविषयी मी लिहितो, कारण उन्हाळ्यात अशा मोटरी माझ्याकडे रांगेने येतात.

ओव्हरलोड रिले जास्त करंटवर पडतो. कोरड्या मोटरचा करंट वाढत नाही, तो कमी होतो. पंख्याला उचलायला पाणीच नसेल तर मोटरवर भार राहत नाही आणि ती हलकी फिरते. रिलेच्या दृष्टीने सगळे ठीक असते. पण सबमर्सिबल मोटर भोवतालच्या पाण्यानेच थंड राहते आणि तिच्या बेअरिंगलाही पाणीच लागते. ते गेले की ती कमी करंटवरही तापत जाते. म्हणून आपल्या यंत्राने खालची मर्यादा पाहायला हवी. वरची मर्यादा रिले पाहतोच.

ही खालची मर्यादा किती ठेवायची, ते दुसऱ्याच्या मोटरवरून ठरवू नका. पाच अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर साधारण साडेसात-आठ अँपिअर घेते, पण आपल्या विहिरीची खोली, पाइपाची लांबी आणि जुने-नवे वाइंडिंग यांनुसार तो आकडा बदलतो. आधी पाणी पूर्ण पडत असतानाचा आकडा लिहून घ्या. मग पाइपाचा व्हॉल्व्ह मिनिटभर बंद करून पुन्हा आकडा पाहा. अशा पंपात पाणी वाहणे थांबले की भार उतरतो, म्हणून कोरड्या अवस्थेचा अंदाज विहीर रिकामी न करताही येतो. या दोन आकड्यांच्या मध्ये आपली रेषा आखा, आणि आकडा त्या रेषेखाली सलग अर्धा-एक मिनिट राहिला तरच मोटर बंद करा. पाइपात हवा धरली असेल तर सुरुवातीला आकडा काही क्षण खाली असतो. तेवढ्यासाठी मोटर पाडली तर ती रात्रभर चालू-बंद होत राहील, आणि मोटर जळायला तेही कारण पुरते.

इथे एक अडचण आहे, ती ध्यानात ठेवा. व्होल्टेज कमी असले की पूर्ण भाराची मोटर जास्त करंट ओढते. त्यामुळे दाब कमी असलेल्या रात्री अर्धवट कोरड्या मोटरचा आकडाही फसवा दिसू शकतो. रेषा आखताना दाब चांगला असतानाचा आणि कमी असतानाचा, असे दोन्ही आकडे हाताशी असू द्या.

एकाच फेजवर सीटी लावून थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. समजा, डीपीवर एक फेज गेला. आपला सीटी नेमका त्याच फेजवर असेल तर आपल्याला घरी शून्य दिसेल आणि मोटर बंद आहे असे वाटेल. प्रत्यक्षात ती उरलेल्या दोन फेजवर घुमत असेल आणि त्या दोन वायरींतून नेहमीच्या सुमारे पावणेदोन पट करंट जात असेल. कोरडी चाललेली मोटर आणि दोन फेजवर चाललेली मोटर दुकानात उघडली की लगेच ओळखू येते: दोन फेजवाल्या मोटरमध्ये वेटोळ्यांचे काही गट कोळशासारखे काळे पडतात आणि त्यांच्या शेजारचा गट जवळजवळ नव्यासारखा लालसर राहतो. निदान दोन फेजवर सीटी लावा. मोटरला न्यूट्रल नसल्यामुळे तिसऱ्या फेजचा प्रवाह या दोघांवरूनच ठरतो.

मोसंबीबाग_अंबड

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल वायरमनदादांना सोबत घेऊन, मेन बंद करून, लाल आणि पिवळ्या वायरीवर एकेक सीटी बसवला. पहिल्यांदाच आकडा हलला. टाँग टेस्टरवर ७.५ अँपिअर दिसत होते, पण माझा बोर्ड मात्र कधी ६.९, कधी ८.३ असा नाचत होता. व्हॉल्व्ह बंद केल्यावर टेस्टर ५.१ दाखवत होता. एवढ्या नाचणाऱ्या आकड्यावर मी रेषा आखू कशी?

सोल्डर_आणि_शिवार यांचे उत्तर

आपला सीटी या कामासाठी मोठा आहे, म्हणून असे होते. त्यात २००० वेटोळी आहेत. साडेसात अँपिअरला तो ३.७५ मिलिअँपिअर देतो आणि २२ ओहमवर त्याचे जेमतेम ८२ मिलिव्होल्ट होतात. बोर्डाला तीन व्होल्टपेक्षा जास्त मोजता येते आणि आपण त्याला त्यातला एक कोपरा देतो आहोत. सोन्याचे वजन धान्याच्या काट्यावर करावे, तसे हे झाले.

नवीन सीटी घ्यायची गरज नाही. पेटीतली तीच वायर सीटीच्या तोंडातून तीनदा ओवून घ्या. गाभ्याला तीन वायरी दिसतील, तिन्हींतला प्रवाह एकाच दिशेचा असेल, आणि आकडा तिप्पट होईल. प्रोग्रॅममध्ये त्याला तीनने भागा. सीटीचे तोंड १३ मिलिमीटरचे आहे, पेटीतली वायर त्यात तीनदा सहज बसते. त्यासाठी वायर टर्मिनलमधून सोडवावी लागेल, म्हणून ते कामही मेन बंद करूनच. वायर सोडवायचीच नसेल तर ३० अँपिअरला १ व्होल्ट देणारा याच जातीचा सीटी मिळतो. त्याच्यात रोध आतच असतो, वरून दुसरा लावू नये.

मोटर सुरू होताना काही क्षण करंट पाच-सहा पट उसळतो. तीन वेढ्यांनंतर तेवढा दाब बोर्डाच्या मर्यादेबाहेर जाईल, म्हणून पिनच्या आधी १ किलोओहमचा रोध ओळीत घाला. सुरुवातीच्या त्या दोन-तीन सेकंदांचा आकडा चुकीचा आला तरी आपले काही अडत नाही.

आकडा नाचण्याचे दुसरे कारण आपल्या प्रोग्रॅममध्ये असावे. ५० हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंदांची असते. आपण लाटेच्या मध्येच मोजणे थांबवत असाल तर कधी शिखर जास्त येते, कधी दरी. बरोबर दहा लाटा, म्हणजे २०० मिलिसेकंद, सलग नमुने घ्या; प्रत्येक नमुन्यातून मधली पातळी वजा करा, वर्ग करा, सरासरी काढा आणि मग वर्गमूळ. साधी सरासरी काढून चालणार नाही, कारण लाट जेवढी वर जाते तेवढीच खाली येते. ईएसपी-३२ चे मापन दोन्ही टोकांना वाकडे असते, तेव्हा मधली पातळी १.६५ व्होल्टच्या आसपासच ठेवा.

हे वाचणाऱ्या ज्या शेतकऱ्यांकडे सौर पंप आहे, त्यांच्यासाठी एक वाक्य. पॅनेलकडून कंट्रोलरकडे येणाऱ्या वायरीत एकदिश प्रवाह असतो, त्याचे चुंबकीय क्षेत्र लाटेसारखे बदलत नाही आणि म्हणून सीटीला तो जाणवत नाही. तिथे हॉल परिणामावर चालणारा, डीसी मोजणारा क्लॅम्प लागतो. एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेला हा परिणाम स्थिर चुंबकीय क्षेत्रही ओळखतो.

भौतिकीचे_गुरुजी यांचे उत्तर

पेनासारख्या टेस्टरची शंका अनुत्तरित राहिली आहे, ती मी घेतो. टेस्टर आणि सीटी दोघेही स्पर्श न करता काम करतात, पण दोघांना दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. सीटीला वाहणारा प्रवाह दिसतो, तर टेस्टरला वायरीवर असलेला दाब. मोटर बंद असली तरी फेजच्या वायरीवर दाब असतोच, म्हणून टेस्टर वाजत राहील आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळणार नाही.

त्याचे काम असे चालते. वायरीतले तांबे ही एक पाटी, टेस्टरच्या टोकातला धातूचा तुकडा ही दुसरी पाटी, आणि मध्ये वायरीचे प्लॅस्टिक. या तिघांचा मिळून एक इवलासा धारित्र (कपॅसिटर) तयार होतो. त्याची धारिता एक पिकोफॅरड धरली, तर ५० हर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे ३.२ अब्ज ओहम येतो आणि २३० व्होल्टवर त्यातून जेमतेम ७० नॅनोअँपिअर जातात. एवढासा प्रवाह टेस्टरमधून आपल्या हातात आणि आपल्या शरीरामार्गे जमिनीत जातो, आणि त्यावर टेस्टर वाजतो. म्हणून तो हातात धरावा लागतो.

याच कारणाने तो फसतोही. बंद वायर चालू वायरीला लागून गेली असेल तर तिच्यावरही तो वाजतो. उलट, वायर धातूच्या पाइपातून किंवा आर्मर्ड केबलमधून जात असेल तर पूर्ण दाब असूनही तो गप्प राहतो, आणि ही चूक जिवावर बेतू शकते. तो आधी चालू आहे हे माहीत असलेल्या वायरीवर वाजवून पाहावा, मग हव्या त्या वायरीवर, आणि शेवटी पुन्हा पहिल्या वायरीवर. तिन्ही वेळा तो योग्य वागला, तरी हात लावण्यापूर्वी स्पर्शाच्या टेस्टरने किंवा मीटरने खात्री करून घ्यावी.

प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र प्रत्यक्ष पाहायचे असेल तर मी मुलांना ट्रॅक्टरपाशी नेतो. बॅटरीकडून येणारी दिव्याची एक वायर ओढून उत्तर-दक्षिण धरायची, तिच्या खाली साधे होकायंत्र ठेवायचे आणि दिवे लावायचे. १० अँपिअरच्या प्रवाहाचे क्षेत्र एक सेंटिमीटरवर सुमारे २०० मायक्रोटेस्ला येते आणि आपल्याकडे पृथ्वीचे साधारण ४० असते, त्यामुळे सुई झटक्यात आडवी फिरते. दिव्याची परतीची वायर हाताने जवळ आणून पहिलीला चिकटवली, की सुई पुन्हा उत्तरेकडे वळते. आपला सीटी शून्य का दाखवत होता, ते या सुईकडे पाहताच कळते.

मोसंबीबाग_अंबड

वायर तीनदा ओवली, दहा लाटांचा हिशेब घातला, आणि आकडा ७.४ ते ७.५ मध्ये स्थिर झाला. बंद व्हॉल्व्हवर ५.१ येतो. मी रेषा ६ वर आखली आहे आणि आकडा सलग चाळीस सेकंद खाली राहिला तर मोटर बंद होते. दाब कमी असलेल्या रात्रीचा आकडा अजून घ्यायचा आहे.

एक गोष्ट इतरांच्या उपयोगाची म्हणून लिहितो. आठ दिवसांनी पिवळ्या फेजचा आकडा अचानक ६.६ वर आला, लाल फेज मात्र ७.५ वरच होता. मेन बंद करून पाहिले तर सीटीच्या दोन अर्ध्या गाभ्यांच्या मध्ये मुंग्यांनी लाल माती आणून ठेवली होती आणि चिमटा केसभर उघडा राहिला होता. तेवढ्या फटीने आकडा खाली आला. दोन्ही तोंडे कोरड्या सुती कापडाने पुसली, चिमटा नीट मिटवून वरून केबल टाय ओढला, आणि पेटीच्या तळाचे केबलचे भोक पुटीने बुजवले. काल रात्री पावणेबाराला वीज आली तेव्हा वडिलांनी घरूनच पाहिले: दोन्ही फेजवर ७.५.